काचेच्या दारापलीकडचे व्याही

माझ्या टेबलासमोर बसणारा माणूस बोटीचं विचारायला आला असेल तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बुडणार नाही ना?" मी नाही म्हणतो. दुसरा प्रश्न, "जेवण आपलं मिळेल ना?" मी हो म्हणतो. पहिल्या उत्तराबद्दल मला आजवर कोणी जाब विचारलेला नाही. दुसऱ्याबद्दल मात्र विचारलेला आहे, आणि त्या प्रसंगात चूक नक्की कोणाची होती, हे मला अजून समजलेलं नाही.

मी नाशकात शरणपूर रोडवरच्या एका सहल कंपनीत काम करतो. शिक्षण कॉमर्सचं. हिशेब बघायला म्हणून लागलो आणि हळूहळू माणसं बघायला लागलो. सुरुवातीला काश्मीर, चारधाम, मग थायलंड, युरोप आणि अलीकडे क्रूझ, ज्याला आमच्याकडे सगळे बोटच म्हणतात. माझी पद्धत साधी आहे. गिऱ्हाइकाला मी मोठी वर्णनं ऐकवत नाही. कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता करतो. या खोलीत काय मिळतं, त्या खोलीत काय मिळतं, जास्तीचे पैसे कशाचे. तक्ता समोर ठेवला की माणूस स्वतःच ठरवतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं की कोणत्या बाजूची खोली घेतली तर सकाळी गॅलरीत उगवता सूर्य समोर येईल, त्यांना अर्घ्य द्यायचं होतं. बोट वळत राहते असं मी सांगितलं तर म्हणाले, "मग ती कधी कुठे वळते तेही तक्त्यात टाका ना." असे लोक मला आवडतात. त्यांना काय हवं ते तक्त्यात मांडता येतं, निदान तसा प्रयत्न तरी करता येतो.

क्रूझ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंधरा-वीस मजल्यांचं हॉटेल पाण्यावर चालतं. आतली बिनखिडकीची खोली स्वस्त, खिडकीची त्याहून महाग, गॅलरीची त्याहून. खोली कोणतीही असो, जेवणाचे हॉल, पोहण्याचा तलाव, नाटकाचं थिएटर सगळ्यांना एकच. पण आता काही बोटींवर आणखी एक प्रकार निघालाय. पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यांवर, काचेच्या दाराआड एक वेगळा भाग असतो. त्याची लिफ्ट वेगळी, तलाव वेगळा, जेवणघर वेगळं, आणि दिमतीला बटलर. जहाजातलं जहाजच म्हणा ना. मी समजावताना सांगतो, आपली सोसायटी आहे, तिच्या आत आणखी एक फाटकवाली सोसायटी आहे असं समजा. आतल्यांनी बाहेर कुठेही फिरावं. बाहेरच्यांनी आत यायचं नाही. दार कार्डाने उघडतं आणि बाहेरच्यांच्या कार्डाने ते उघडत नाही.

तर निफाडकडचे नाना. द्राक्षबागायतदार, माल परदेशी जातो, बोलणं मोकळं. ते एका दुपारी आले आणि म्हणाले, "भाऊ, व्याह्यांना बोटीनं न्यायचंय. एकदम वरची बोट काढा."

मी विचारलं, "किती जण?"

"आम्ही दोघं, ते दोघं. पोरगी-जावई नाय. पोरीला पाचवा लागलाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नानांची एकुलती मुलगी सिन्नरला दिली. व्याही अण्णा, तिथल्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा सुट्या भागांचा छोटा कारखाना. शांत, मोजकं बोलणारा माणूस. लग्नात जेवणाची व्यवस्था नानांनी अशी केली होती की एका बाजूला बुफे आणि दुसऱ्या बाजूला मानाच्या पाहुण्यांसाठी पाट-रांगोळीची पंगत. गर्दी एवढी झाली की पंगतीला व्याह्यांना हात धरून कोणी न्यायचं हेच ठरलं नाही. अण्णा आणि त्यांची बायको मांडवाच्या खांबाजवळ उभे राहिले. वाट बघितली आणि न जेवता गाडीत बसले. नंतर भांडण झालं नाही, कोणी आवाज चढवला नाही. फक्त तेव्हापासून मुलगी माहेरी राहायला आली नव्हती. सणाला येई आणि संध्याकाळच्या आत परत जाई.

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं भाऊ," नाना म्हणाले. "मी तोंडानं मागणार नाय. मुलीचा बाप मागतो का? त्यांनी म्हणायला पाहिजे, घेऊन जा म्हणून. त्यांचा राहिलेला मान फेडायचाय मला."

मी तक्ता काढला. चौघांना गॅलरीच्या खोल्या हा माझा सल्ला होता. नानांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली.

"हे काय? बटलर म्हणजे?"

मी सांगितलं.

"व्याह्यांना हे. आम्हाला खालचं."

मी म्हणालो, "नाना, मग तुम्हाला त्यांच्याकडे जाता येणार नाही. दार उघडत नाही."

"बेस झालं. त्यांना कोणाचा त्रास नको. आणि मी त्यांच्या शेजारी बरोबरीनं बसलो तर मान कसला?"

हे मला त्या वेळी पटलं. आजही बसून विचार केला तर पटतं. तिथेच माझा गोंधळ सुरू होतो.

सिंगापूरहून बोट निघाली. मी गटाबरोबर होतो, नाशिकची आणखी मंडळी होती, माझी खोली अर्थातच आतली, बिनखिडकीची. गटाचा माणूस म्हणून मला त्या वरच्या भागात रोज तासभर जाण्याचा पास मिळाला होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांना सोडायला गेलो. दार सरकलं आणि आवाजच बंद झाला. खाली तलावापाशी गाणी, पोरं, आइस्क्रीमची रांग. इथे पायांखाली जाड गालिचा, पाण्याचा मंद आवाज, थंड हवेत कसलातरी फुलांचा वास. बसायला गुबगुबीत खुर्च्या, समोर भिंतभर काच आणि काचेत नुसता समुद्र. मी वीस-एक वर्षं लोकांना प्रवासाला पाठवतोय, पण असं काही मी स्वतः पाहिलं नव्हतं. मला एकदम चप्पल कुठे काढायची असा प्रश्न पडला.

बटलरचं नाव मादे. बाली बेटावरचा, चाळिशीतला, कमरेतून वाकून बोलणारा. त्याने अण्णांना विचारलं, "तुमच्या बॅगा उघडून कपडे लावून देऊ का?" अण्णांनी ते बायकोला मराठीत सांगितलं. विहीणबाई बॅगेवर बसल्याच. मला म्हणाल्या, "भाऊ, आमची झडती का घेतायत?" मी समजावलं, झडती नाही, सेवा आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या साड्यांना परका पुरुष हात लावणार आणि ती सेवा?" मादे वाकून निघून गेला.

यानंतर दोन दिवस सगळं सुरळीत आहे असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी मादे खाली माझ्या खोलीपर्यंत आला. असं बटलर करत नाहीत. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, तुमचे पाहुणे आजारी आहेत का? की मी त्यांना आवडत नाही?"

"का?"

"ते काहीच खात नाहीत. मी सूप आणतो, मॅडम नको म्हणतात. फळं आणतो, नको. भात आणतो, सर नको म्हणतात. मी ताबडतोब उचलून नेतो. एकदाही त्रास दिला नाही. तरी काल रात्री मॅडम मला न बघता उठल्या."

मी पास घेऊन वर गेलो. विहीणबाई गॅलरीत बसून डब्यातला राजगिऱ्याचा लाडू खात होत्या. मला बघून डबा पदराआड केला. अण्णा समुद्राकडे बघत होते.

"अण्णा, जेवण आवडलं नाही का?"

"जेवण चांगलं असेल," अण्णा म्हणाले. "खाल्ल्यावर कळलं असतं."

विहीणबाई भडाभडा बोलायलाच लागल्या. "अहो भाऊ, तो माणूस ताट आणतो, घेऊ का विचारतो. आपण काय लगेच हावरटासारखं हो म्हणायचं? नको म्हटलं की समोरच्यानं एकदा तरी घ्या हो, थोडं घ्या म्हणायचं असतं. हा लगेच ताट उचलतो. काल गुलाबजामासारखं काहीतरी आणलं होतं. मी नको म्हटलं आणि बघता बघता गेलं ते."

"मग हो म्हणायचं ना, काकू. तुमचे पैसे भरलेले आहेत."

"आमचे कुठे? व्याह्यांचे. आम्ही काय हॉटेलात आलोय का? व्याह्यांकडे आलोय. मागून खायचं त्यांच्याकडे?"

"मग खाली चला. खाली भरपूर आहे, हाताने घ्यायचं."

अण्णांनी मान हलवली. "खाली ते आहेत. न बोलावता कसं जायचं? त्यांनी आम्हाला इथे बसवलंय." थोडं थांबून म्हणाले, "इथे बसवलं आणि दार लावून घेतलं. तेव्हा निदान मांडव उघडा तरी होता."

 मला कळलं की नाना दुसऱ्यांदा तेच करून बसलेत आणि या वेळी तक्ता मी काढून दिलाय.

मी खाली आलो. नाना आणि त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे काकी म्हणतात, बुफेच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर होते. ताटात डाळ-भात, पण चमचा तसाच. काकी म्हणाल्या, "दोन दिवस झाले, एकदाही खाली डोकावले नाहीत ते. आम्ही मुद्दाम दाराकडे तोंड करून बसतो."

नाना म्हणाले, "राग गेलेला नाय. वर पंचपक्वान्नं झोडत असतील, आम्ही कशाला आठवू."

"ते उपाशी आहेत," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

नानांनी मला दोनदा विचारलं, "उपाशी? त्या एवढ्या भारी ठिकाणी उपाशी?" आकडे चुकले की मी जसा परत बेरीज करतो तसे ते परत परत तेच विचारत होते. मग म्हणाले, "मग खाली या म्हणाव."

"तुम्ही बोलावल्याशिवाय नाही येणार."

"मी कसा बोलवू? मानाच्या जागेवरून उठवून खाली बुफेत आणू त्यांना? परत बुफेत?"

मला हे सगळं तर्काने सोडवता येईल असं वाटत होतं. मी मादेकडे गेलो आणि त्याला शिकवलं. आमच्याकडे पहिला नको हा नको नसतो. दुसराही बहुतेक नसतो. ताट उचलायचं नाही, तीनदा विचारायचं, तिसऱ्यांदा थोडंसं स्वतःच वाढून टाकायचं. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्याने विचारलं, "आणि त्यांना खरंच नको असेल तर?" मी म्हणालो, "तर ते ताटावर आडवा हात धरतील." "तेव्हा थांबायचं?" मी विचारात पडलो. कारण तेव्हाही आम्ही थांबत नाही. बोटांच्या फटीतून वाढतो. मी म्हणालो, "तू थांब."

दुपारी मी मुद्दाम वर होतो. मादेने सूप आणलं. विहीणबाई नको म्हणाल्या. तो हसून म्हणाला, मी पाठ करून दिलेलं, "थोडं घ्या." परत नको. "थोडं घ्या." परत नको. "थोडं घ्या," आणि त्याने वाढलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. विहीणबाईंनी दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली.

"भाऊ, तुम्ही शिकवलंत ना त्याला?"

मी हो म्हणालो.

"बिचारा चांगला आहे. पण पगारी माणसाच्या आग्रहानं पोट भरतं का? आग्रह यजमानानं करायचा."

म्हणजे यजमान हवा. यजमान तीन मजले खाली. पाहुणा बोलावणं आल्याशिवाय दार ओलांडणार नाही आणि बोलावणाऱ्यासाठी दार उघडणार नाही. मी खोलीतल्या फोनचं सुचवलं तेव्हा नाना चिडले, "व्याह्यांना फोनवर जेवायला बोलावू? दारात जाऊन बोलावतात." तेही खरं. त्या दिवशी जो जे बोलला ते खरंच होतं. सगळ्यांचं बरोबर असताना उत्तर चुकतं कसं, हे मला कोणीतरी समजावून द्यावं.

शेवटी काकी उठल्या. त्यांनी खोलीत जाऊन कापडात बांधलेल्या दशम्या आणल्या. प्रवासात खराब होत नाहीत म्हणून घरून करून आणल्या होत्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. बुफेतून दोन ताटं भरून घेतली, एक मी धरलं, एक नानांनी. आम्ही लिफ्टने वर गेलो. ती लिफ्ट त्या भागाच्या आत जात नाही, बाहेरच्या मोकळ्या जागेत सोडते. समोर ते काचेचं दार. नानांनी आपलं कार्ड लावून बघितलं. लाल दिवा लागला.

मी मादेला आधी सांगून ठेवलं होतं. तो अण्णांना आणि विहीणबाईंना घेऊन दारापर्यंत आला. दार आतून सरकलं आणि ते परत बंद होऊ नये म्हणून मादे मधोमध पाठ लावून उभा राहिला. मला म्हणाला, "सर, ते आत येऊ शकत नाहीत. माझी नोकरी जाईल." मी म्हणालो, "येणार नाहीत."

या बाजूला नाना, त्या बाजूला अण्णा. मध्ये पितळी पट्टी, उंबऱ्यासारखी. नानांच्या हातात ताट असल्यामुळे त्यांना हात जोडता येईनात. त्यांनी ताट माझ्याकडे दिलं, माझे दोन्ही हात भरले, आणि त्यांनी हात जोडले.

"अण्णासाहेब, जेवायला चला."

"आमचं झालंय," अण्णा म्हणाले.

मी घाबरून मादेकडे पाहिलं. मादेने डोळ्यांनीच मला खूण केली, थांबा.

"झालं असंल," नाना म्हणाले. "आमचं राहिलंय. तुमच्याशिवाय कसं बसायचं?"

"नको, तुम्ही बसा."

"दोन घास घ्या. आमच्या समाधानासाठी."

 तेवढ्यात काकींनी त्या पट्टीवरून हात पुढे केला आणि विहीणबाईंचं मनगट धरलं. "चला हो विहीणबाई. लग्नात हात धरायचा राहिला होता." आणि ओढलंच त्यांना बाहेर.

बसायला तिथे खुर्ची नव्हती. लिफ्टसमोरच्या गालिच्यावर चौघं मांडी घालून बसले. काकींनी दशम्या सोडल्या. "घ्या." "नको, एकच पुरे." "एकानं काय होतंय?" दशमी पडली. "अहो, नको." चटणी पडली. लिफ्टमधून कोणी परदेशी जोडपं बाहेर आलं, वळसा घालून गेलं आणि परत वळून बघून गेलं. दार मधेमधे टिंटिं वाजत होतं, मादेची पाठ लागलेली. विहीणबाईंनी त्याला एक दशमी पुढे केली. तो नको म्हणाला. त्यांनी परत पुढे केली. तो परत नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने घेतली. मी शिकवलं होतं, त्याहून चांगलं तो शिकला होता.

जेवता जेवता विहीणबाई हातातल्या दशमीकडे बघतच म्हणाल्या, "सातवा लागला की घेऊन जा पोरीला."

नानांचा घास हातातच राहिला. अण्णा म्हणाले, "आणि एक सांगतो. डॉक्टर म्हणालेत तिची साखर थोडी वाढलीय. तिला आग्रह करायचा नाही."

"नाय करत," नाना म्हणाले.

"कराल तुम्ही," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

उरलेल्या दिवसांत त्यांनी रोज दुपारचं जेवण तिथेच केलं. वरचं जेवणघर रिकामं, खालचा हॉल भरलेला, आणि हे दोन्हींच्या मध्ये. मी एकदा सुचवलं की आता बोलावणं झालंय, तर खाली हॉलमध्ये बसा, आरामात टेबलावर. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्हाला कोणी जेव म्हणालं का?" मला आठवेना. दोन्ही ताटं धरून मी बराच वेळ उभा होतो एवढं आठवलं.

मुलगी सातव्या महिन्यात निफाडला आली, तिथेच बाळंत झाली, नातू झाला. बारशाचे पेढे माझ्या टेबलावर आले. इथवर मला समजलं.

मग गेल्या महिन्यात अण्णांचा फोन. "भाऊ, यंदा आमच्याकडून. चौघं, तीच बोट."

मी तक्ता पुढे ओढला. "चौघांनाही गॅलरीच्या खोल्या धरू ना?"

"नाही. नानांना वरचं, तो काचेच्या दाराचा भाग. आम्ही खाली."

"अण्णा, मागचं आठवतंय ना तुम्हाला?"

"आठवतंय. म्हणूनच."

मी नानांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "मी नको म्हणालो होतो. एकदा नाय, चार वेळा. ते काय ऐकतात का." आवाजावरून त्यांना आनंद झालाय की धास्ती वाटतेय, ते मला ठरवता आलं नाही. मी परत अण्णांना फोन लावला. म्हणालो, "एक विचारू का? हा मान म्हणून ना?"

 अण्णा म्हणाले, "तुम्ही बुकिंग करा."

त्यांच्या मागून विहीणबाईंचा आवाज आला, "आणि काकींना सांगा म्हणावं, या वेळी दशम्या मी आणणार."

मी बुकिंग केलं. खाण्यापिण्याच्या सूचनांसाठी बोटवाल्यांच्या अर्जात एक छोटी जागा असते. तिथे मी लिहिलं की वरचे पाहुणे प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतील, पण ताट उचलू नये. एवढे पैसे भरून ते लिफ्टसमोरच्या गालिच्यावर जेवतील, हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते मला सापडलं नाही.